गिऱ्हाईकाची भाषा संकेतस्थळाला कशी कळते?

रविवार पेठेतील एखाद्या जुन्या दुकानाची पायरी चढून गिऱ्हाईक आत येते, तेव्हा गादीवर बसलेला मालक आधी कान देतो. "दादा, जरा चांगला कपडा दाखवा" असे शब्द कानी पडले की पुढचा सारा व्यवहार मराठीत होतो. "केम छो" ऐकू आले की गुजराती, "राम राम सा" ऐकू आले की मारवाडी, आणि "जय जिनेंद्र" म्हणून कोणी आत आले तर पुढच्या वाक्याची वाट पाहायची. पुण्यातील जैन व्यापारी कुटुंबांत ही कला कोणाला मुद्दाम शिकवावी लागत नाही. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी आणि पोथीत चौथी, अशी सवय पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली असते. गिऱ्हाईकाच्या पहिल्या शब्दावरून त्याची भाषा ओळखावी आणि त्याच भाषेत त्याला उत्तर द्यावे, हा धंद्याचा पहिला पाठ.

आता तेच दुकान इंटरनेटवर आले आहे. मालकाने खर्च करून संकेतस्थळाची तीन भाषांत पाने करून घेतली आहेत. कोथरूडमधील एक गृहिणी रात्री जेवणानंतर मोबाईलवर ते दुकान उघडते, आणि तिच्यापुढे पान येते ते इंग्रजीत. मराठी पान त्याच सर्व्हरवर तयार असते. तरीही ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. असे का व्हावे? सर्व्हरला कान नसतात. गिऱ्हाईकाचा शब्द त्याला ऐकू येत नाही. त्याच्या हाती पडते ती फक्त एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीत काय लिहिलेले असते आणि ती कोण लिहिते, हे समजून घेतले म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो.

पाषाणावरील तीन भाषा

एकच मजकूर अनेक भाषिकांपुढे कसा ठेवावा, हा प्रश्न संगणकाच्या युगात निर्माण झालेला नाही. श्रवणबेळगोळ येथे गंग राजांचा मंत्री व सेनापती चावुंडराय याने इसवी सन ९८१ च्या सुमारास भगवान बाहुबलींची भव्य मूर्ती उभी केली. मूर्तीच्या पायांशी दोन्ही बाजूंना छोटे लेख कोरलेले आहेत. चावुंडरायाने मूर्ती करविली, हीच एक गोष्ट तेथे कानडीत, तमिळमध्ये आणि मराठीत सांगितलेली आहे. मराठी लेख नागरी लिपीत आहे. पुढे गंगराजाने मूर्तीभोवतीची ओवरी बांधविली, त्याचाही उल्लेख या लेखांत आहे. हा मराठी लेख अनेक वर्षे मराठीतील आद्य शिलालेख म्हणून शाळेच्या पुस्तकांत शिकविला गेला. पुढे तो मान कोकणातील अक्षी येथील लेखाकडे गेला, आणि श्रवणबेळगोळची मराठी अक्षरे गंगराजाच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकातील असावीत, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. तो वाद अभ्यासकांचा. यात्रेकरूच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट इतकीच, की दूरदूरच्या प्रांतांतून येणाऱ्या भाविकांची भाषा एक नसते, हे तो लेख कोरविणाऱ्यांनी ध्यानात घेतले होते.

समवसरणात तीर्थंकरांची वाणी प्रत्येक जीवाला आपापल्या भाषेत उमगत असे, अशी परंपरेची श्रद्धा आहे. पाषाणाला ते सामर्थ्य नाही. म्हणून कोरणाऱ्याने सरळ मार्ग धरला: सर्व भाषा शेजारी शेजारी ठेवल्या आणि निवड वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपविली.

हाच मार्ग प्रत्येक व्यापाऱ्याच्या गल्ल्यात रोज दिसतो. भारतीय नोटेवर हिंदी व इंग्रजी तर असतेच. शिवाय मागील बाजूच्या पट्ट्यात आणखी पंधरा भाषांत नोटेची किंमत लिहिलेली असते. त्या पट्ट्यात मराठीचा क्रम आठवा. नोट हाती घेणारा कोण, याची चौकशी करावी लागत नाही.

नोटेवर दोन शब्द पंधरा वेळा छापता येतात. पण साड्यांच्या दोनशे नमुन्यांची माहिती, भाव आणि परतीचे नियम एकाच पानावर पंधरा भाषांत मांडता येत नाहीत. तेथे पाने वेगवेगळी करावी लागतात, आणि मग कोणाला कोणते पान द्यायचे हा निर्णय कोणाला तरी घ्यावाच लागतो. वेबवर तो निर्णय बहुधा सर्व्हर घेतो.

मागणीची चिठ्ठी

मोबाईलवर किंवा संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडले जाते, त्या क्षणी ब्राउझर त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे एक मागणी पाठवितो. घाऊक पेढीकडे जाणाऱ्या मागणीपत्रासारखेच तिचे रूप असते. कोणते पान हवे, ते कोणत्या प्रकारच्या यंत्रावर उघडायचे आहे, चित्रे कोणत्या स्वरूपात चालतील, अशा ओळी तिच्यात असतात. त्यांतच एक ओळ भाषेची असते. तिचे तांत्रिक नाव 'अक्सेप्ट-लँग्वेज', म्हणजे 'मला पुढील भाषा चालतील'. वेबच्या व्यवहाराचे नियम एचटीटीपी या नावाने ओळखले जातात. त्याच्या १.१ या आवृत्तीचे नियमपत्रक जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात या ओळीची रीत ठरवून दिली होती. जून २०२२ मध्ये आलेल्या नव्या नियमपत्रकातही ती कायम आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपल्याकडे इंटरनेट नवखे होते, त्याच काळात 'वाचकाने आपली भाषा मागावी' ही सोय वेबमध्ये रुजली होती.

या ओळीत केवळ भाषांची नावे नसतात. प्रत्येक नावापुढे एक वजनही असते. वजन १ म्हणजे पहिली पसंती. त्याखाली ०.९, ०.८ असे उतरते आकडे आणि शून्य म्हणजे ती भाषा नको. आकडा लिहिलाच नाही तर तो १ धरावा, असा संकेत आहे. एखाद्या गृहिणीचा ब्राउझर असे सांगू शकतो: मराठी १, हिंदी ०.८, इंग्रजी ०.५. याचा अर्थ, "मराठी असेल तर मराठी द्या, नसेल तर हिंदी, तीही नसेल तर इंग्रजीवर भागवून घेईन."

ही नावेही पूर्ण लिहिलेली नसतात. प्रत्येक भाषेला रोमन लिपीतील दोन किंवा तीन अक्षरांची आंतरराष्ट्रीय खूण दिलेली आहे. मराठीची खूण 'एमआर', हिंदीची 'एचआय', गुजरातीची 'जीयू'. कोकणीला तीन अक्षरे आहेत, 'केओके'. घरी बोलल्या जाणाऱ्या मारवाडीला 'एमडब्ल्यूआर' आणि कच्छीला 'केएफआर' अशा खुणा आहेत. एवढेच काय, आगमांची भाषा असलेल्या अर्धमागधीलाही 'पीकेए' ही खूण मिळालेली आहे आणि महाराष्ट्री प्राकृताला 'पीएमएच'. म्हणजे यादीत जागा सर्वांना आहे. त्या जागेवर कोणी मागणी नोंदवितो की नाही, हा पुढचा प्रश्न.

गोदामातील निवड

मागणीची चिठ्ठी सर्व्हरवर पोहोचल्यावर काय घडते? अपाची हा जगभर वापरला जाणारा सर्व्हर उदाहरणादाखल घेता येईल. त्यात एकाच पानाच्या वेगवेगळ्या भाषांतील प्रती ठेवता येतात. फाइलचे नाव एकच. शेवटी भाषेची खूण जोडलेली. गोदामात एकाच मालाच्या गठ्ठ्यांवर वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावाव्यात तसे हे असते. सर्व्हर आलेल्या मागणीतील वजने आणि आपल्याकडील प्रती ताडून पाहतो आणि ज्या प्रतीला सर्वांत जास्त वजन मिळेल ती पाठवितो. वर सांगितलेल्या मागणीसमोर सर्व्हरकडे फक्त हिंदी आणि इंग्रजी प्रती असतील, तर हिंदीला ०.८ आणि इंग्रजीला ०.५ मिळतात, आणि हिंदी पान रवाना होते. या पद्धतीला 'कंटेंट निगोशिएशन' म्हणतात. मराठीत तिला मजकुराची बोलणी म्हणता येईल. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या संकेतस्थळावर अनेक भाषांतील पाने याच बोलणीने वाचकांना मिळतात.

मागितलेल्यांपैकी एकही भाषा गोदामात नसेल तर? येथे तीन वाटा आहेत. 'अनेक पर्याय आहेत, तुम्हीच निवडा' असे सांगून सर्व्हर यादी पुढे ठेवू शकतो. त्या उत्तराचा क्रमांक ३००. 'तुम्हाला चालेल असे काही नाही' असे तो स्पष्ट सांगू शकतो. त्याचा क्रमांक ४०६. किंवा मालकाने आधीच ठरवून दिलेल्या क्रमानुसार एखादी भाषा तो देऊ शकतो. बहुतेक ठिकाणी तिसरी वाट धरली जाते, कारण दारात आलेल्याला रिकाम्या हाताने कोण परत पाठवील? मात्र हा क्रम कोणी मुद्दाम ठरविलेला नसला, तर इंग्रजीच वरच्या जागी जाऊन बसते. संकेतस्थळ बनविणाऱ्याला 'मराठीला कितवा क्रमांक दिला?' असा प्रश्न मालकाने विचारलेला क्वचितच आढळतो.

या बोलणीत एक बारीक खाचही आहे. मागणीत 'मराठी–भारत' असे देशासह लिहिले आणि सर्व्हरवरील प्रतीवर नुसते 'मराठी' असले, तर काटेकोर नियमाने पाहणाऱ्या सर्व्हरला ही जोडी जुळली असे वाटत नाही. माणसाला हा भेद हास्यास्पद वाटेल; यंत्र मात्र अक्षरशः वागते. म्हणून शहाणे ब्राउझर आधी 'मराठी–भारत' आणि त्यामागे 'मराठी' अशा दोन्ही खुणा पाठवितात. वापरणाऱ्यांना भाषा जुळविण्याचे बारकावे सहसा ठाऊक नसतात, तेव्हा ब्राउझरने त्यांना मार्गदर्शन करावे, असे नियमपत्रकातही नमूद केले आहे.

लिपी एक, भाषा निराळ्या

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. पानावरची अक्षरे पाहून यंत्राला भाषा ओळखता येत नाही का? देवनागरीच्या बाबतीत ते सोपे नाही. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, संस्कृत या सर्व भाषा एकाच लिपीत लिहिल्या जातात. 'कमल' हा शब्द एकटा वाचला तर तो कोणत्या भाषेतील, हे विद्वानालाही सांगता येणार नाही. म्हणून पान बनविणाऱ्याने 'हे मराठी आहे' अशी खूण स्वतः लावणे आवश्यक ठरते.

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे तिच्याकडे आले. भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांना इस्की या नावाने राष्ट्रीय मानक मिळाले, आणि युनिकोडमधील देवनागरीची रचना इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या काळात अनेक मराठी पाने विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असत. डोळ्यांना ती मराठी दिसत. यंत्राच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची अर्थहीन माळ असे. ज्या वाचकाकडे तो फॉन्ट नसे त्यालाही तेच दिसे. अशा मजकुराला शोधयंत्र मराठी म्हणून ओळखू शकत नसे, आणि सर्व्हरने त्याची बोलणी करण्याचा प्रश्नच नव्हता. युनिकोडने ही पहिली भिंत पाडली.

भाषेची खूण लावण्याचा एक लाभ डोळ्यांना थेट दिसतो. मराठी वळणाचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हे हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेची जी रूपे निश्चित केली, त्यात याच वळणांचा आग्रह आहे. काही चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे साठविलेली असतात. पानावर 'मराठी' अशी खूण असली की ब्राउझर मराठी वळण काढतो, नसली की हिंदी वळण. ज्या वाचकाला 'हे अक्षर आपले वाटत नाही' अशी हुरहूर लागते, त्याची तक्रार पुष्कळदा एका विसरलेल्या खुणेची असते.

आजीचा मोबाईल इंग्रजी का मागतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. चिठ्ठी वाचण्याची रीत आहे, प्रती ठेवण्याची सोय आहे, भाषेला खूणही आहे. मग कोथरूडच्या त्या गृहिणीला मराठी पान का मिळाले नाही? उत्तर सोपे आहे आणि थोडे खिन्न करणारे आहे. तिच्या नावाने गेलेल्या चिठ्ठीत मराठीचा उल्लेखच नव्हता.

ही चिठ्ठी वाचक स्वतः लिहीत नाही. मोबाईल पहिल्यांदा सुरू करताना जी भाषा निवडली जाते, तीच सहसा चिठ्ठीत उतरते. घरोघरचे चित्र पाहावे. आजीसाठी नवा मोबाईल येतो. तो सुरू करून देण्याचे काम नातवाकडे. नातवाला इंग्रजी सवयीची. तो पहिल्याच पडद्यावरील 'इंग्लिश' स्वीकारून पुढे जातो. आजी संदेश मराठीत वाचते, प्रवचने मराठीत ऐकते, बाजाराची यादी मराठीत लिहिते. पण त्या दिवसापासून तिचा मोबाईल जगातील प्रत्येक सर्व्हरला सांगत राहतो: "हिला इंग्रजी हवे." बँकेचे पान इंग्रजीत, औषधाची माहिती इंग्रजीत, तिकिटाचा अर्ज इंग्रजीत. काही दिवसांनी आजी मोबाईल बाजूला ठेवते आणि म्हणते, "हे काही आपल्यासाठी नाही." पुष्कळ ठिकाणी तिच्यासाठी मराठी पान केलेले असते. तिच्या वतीने ते कोणी मागितले नव्हते, एवढेच.

याचा दुसरा परिणाम घराबाहेर दिसतो. संकेतस्थळाचे मालक हिशेब पाहतात. किती जणांचे ब्राउझर कोणती भाषा मागतात, याची नोंद त्यांच्यापुढे येते. त्या नोंदीत हजारो मराठी वाचक 'इंग्रजी' या रकान्यात पडलेले असतात. मग मालक म्हणतो, मराठीला मागणी नाही. मराठी पानावरचा खर्च थांबवा. ज्या मालाची मागणी वहीत नोंदलीच जात नाही, तो माल दुकानातून नाहीसा होतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. भाषेचेही तसेच होते.

मागणीची चिठ्ठी इतकी फसवी ठरते म्हणून काही संकेतस्थळे दुसरा आधार घेतात. इंटरनेटची जोडणी कोणत्या देशातून किंवा प्रांतातून आली आहे, ते पाहून भाषा ठरविली जाते. ही युक्ती अधिक धोक्याची आहे. पुण्याचे कुटुंब यात्रेसाठी श्रवणबेळगोळला गेले की त्याच्यापुढे कानडी पान यावे, मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला की त्याला अरबी दिसावे, आणि बेळगावच्या मराठी घराने काय करावे? माणूस कोठे उभा आहे यावरून तो काय वाचतो हे ठरत नाही. वाचकाची भाषा अशी परस्पर ताडून त्याला दुसऱ्या पानावर ढकलू नये, असा सल्ला गूगलनेही संकेतस्थळाच्या मालकांना दिला आहे. गूगलच्या भारतातील मुखपृष्ठावर शोधाच्या चौकटीखाली हिंदी, बंगाली, तेलुगू, मराठी, तमिळ, गुजराती अशी भाषांची ओळ त्या त्या लिपीत दिसते, ती श्रवणबेळगोळच्या शिल्पकाराची जुनीच रीत आहे.

पाटी आणि पान

महाराष्ट्रातील दुकानदारांना भाषेचा प्रश्न अलीकडे दारावरच्या पाटीमुळे प्रकर्षाने जाणवला. २०२२ मध्ये राज्याने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली, आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटीचा नियम लागू झाला. पाटीवर देवनागरीतील मराठी मजकूर आधी असावा आणि अन्य भाषेची अक्षरे त्याहून मोठी नसावीत, असे त्यात म्हटले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. सणासुदीच्या दिवसांत मराठी पाटी लावण्यातच धंद्याचे हित आहे, असा त्या वेळी न्यायालयाच्या सांगण्याचा रोख होता.

हा नियम दारावरच्या पाटीचा आहे. संकेतस्थळाबाबत मालकाने आपणहून विचार करायचा आहे, आणि तो करताना पुढील गोष्टी ध्यानी घेतल्या तर खर्च वाया जात नाही.

पहिली गोष्ट, प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतंत्र पत्ता असावा. पुणे महानगरपालिकेच्या संकेतस्थळावर मराठी पानांच्या पत्त्यात 'एमआर' आणि इंग्रजी पानांच्या पत्त्यात 'ईएन' अशी खूण आढळते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा पत्ताही इंग्रजी विकिपीडियाहून वेगळा आहे. पत्ता वेगळा असला की तो कोणाला पाठविता येतो, पाटीवर छापता येतो आणि चिठ्ठीत काहीही लिहिले असले तरी मराठीच उघडते. शोधयंत्राच्या दृष्टीने तर हे फार आवश्यक आहे. गूगलचा पाने गोळा करणारा यांत्रिक दूत भाषेची मागणी न सांगताच येतो. एकाच पत्त्यामागे भाषा दडविल्या असतील, तर त्याला एकच पान दिसते आणि बाकीची त्याच्या नोंदीत येतच नाहीत. मराठीत शोधणाऱ्याला मग ते दुकान सापडत नाही.

दुसरी गोष्ट, ही पाने एकमेकांची भावंडे आहेत हे शोधयंत्राला सांगावे लागते. त्यासाठी पानाच्या आत 'एचरेफलँग' नावाची खूण लावतात. गूगलने ती २०११ मध्ये सुरू केली. कोणत्याच भाषेशी जुळणी झाली नाही तर कोणते पान द्यावे, हेही तिच्या साहाय्याने सांगता येते.

तिसरी गोष्ट, भाषा बदलण्याची जागा पानाच्या वरच्या भागात, सहज दिसेल अशी असावी आणि भाषेचे नाव त्या भाषेतच लिहिलेले असावे. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्यासाठी 'मराठी' हा शब्द रोमन अक्षरांत लिहून काय उपयोग? खुणेसाठी देशाचा झेंडाही वापरू नये; एका तिरंग्याखाली कितीतरी भाषा नांदतात.

चौथी गोष्ट, वाचकाने एकदा निवड केली की ती लक्षात ठेवावी. चिठ्ठी काहीही सांगो, वाचकाने स्वतः दाबलेल्या बटणाचा शब्द अखेरचा मानावा. रोज येणाऱ्या गिऱ्हाईकाला रोज नव्याने भाषा विचारणारा दुकानदार कोणाला आवडेल?

पाचवी गोष्ट तांत्रिक आहे, पण संकेतस्थळ बनविणाऱ्याला आवर्जून विचारावी. पाने लवकर पोहोचावीत म्हणून वाटेतील साठवणीच्या ठिकाणी त्यांच्या प्रती ठेवल्या जातात. एकाच पत्त्यावर भाषेनुसार वेगवेगळी पाने दिली जात असतील, तर 'हे पान भाषेच्या मागणीवर अवलंबून आहे' अशी सूचना सर्व्हरने सोबत पाठविली पाहिजे. तिला 'व्हेरी' म्हणतात. ती विसरली की आधी आलेल्या गुजराती वाचकाची प्रत पुढच्या मराठी वाचकाच्या हाती पडते, आणि चूक कोठे झाली हे कोणालाच उमगत नाही.

घरातून होणारी सुरुवात

सर्व्हर आणि संकेतस्थळे यांची कामे जाणकारांनी करावीत. चिठ्ठी दुरुस्त करणे मात्र प्रत्येक घराच्या हातात आहे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये भाषेचा विभाग असतो. अँड्रॉइडच्या ७.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, तेथे एकापेक्षा अधिक भाषा क्रमाने लावता येतात. मराठी वर, तिच्याखाली घरातील गुजराती किंवा हिंदी, आणि त्याखाली इंग्रजी, असा क्रम लावायला फार वेळ लागत नाही. संगणकावरील ब्राउझरच्या सेटिंगमध्येही अशीच यादी असते. मोबाईलचा सारा पडदा मराठीत नको असेल त्यांनी निदान ब्राउझरच्या यादीत मराठीला स्थान द्यावे. यादी मात्र गरजेपुरतीच ठेवावी. भाषांचा क्रम जितका लांब आणि दुर्मीळ, तितका त्यावरून विशिष्ट माणूस ओळखणे सोपे होते. भाषांची पूर्ण यादी प्रत्येक संकेतस्थळाला सांगत राहणे वाचकाच्या खासगीपणाला बाधक ठरू शकते, असा इशारा नियमपत्रकातही आहे. दोन-तीन भाषा पुरेशा आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी तो प्राकृतालाही मिळाला. ज्या घरांत आगमांचे प्राकृत शब्द सामायिकात उच्चारले जातात आणि बाजाराचा हिशेब मराठीत होतो, त्यांना हा योग विशेष आनंदाचा वाटला. दर्जा सरकार देते. रोजची मागणी घराला नोंदवावी लागते.

या सुट्टीत नातवाने आजीचा मोबाईल हाती घ्यावा, भाषेच्या यादीत मराठी वर आणावी आणि तिच्या बँकेचे पान पुन्हा उघडून दाखवावे. मराठी पान असेल तर ते तिच्यापुढे येईल आणि तिला ते वाचता येईल. नसेल, तर निदान त्या बँकेच्या नोंदवहीत मराठी मागणाऱ्यांची संख्या एकाने वाढलेली असेल.